जंतखान्यातली आम्ही मंडळी

आमच्या खोलीत फॉर्मालिनच्या बरण्या आणि किस्से, दोन्ही फार झालेत. बरण्या निदान कपाटात मावतात. किस्से कुठंच मावत नाहीत! कुणाच्या लग्नाला जा, कुणाला दवाखान्यात भेटायला जा, कोपऱ्यातून कुणीतरी म्हणतंच, "अगं, तो रिक्षावाल्याचा सांग ना!" एक सांगितला की त्याच्या शेपटीला धरून दुसरा येतो, आणि चहा थंड होतो.

खोली म्हणजे आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागाची मागची प्रयोगशाळा. इथं परजीवींचा अभ्यास चालतो. परजीवी म्हणजे दुसऱ्याच्या अंगावर नाहीतर अंगात राहून जगणारा जीव. जंत, उवा, गोचीड, सगळे आले त्यात. बाकीच्या विभागांनी आमच्या खोलीला 'जंतखाना' म्हणायला सुरुवात केली. चिडवायला हो! आम्ही तेच नाव पुठ्ठ्यावर झोकदार अक्षरात लिहून दारावर लावलं. आता काय चिडवता?

आम्ही चौघं. सोनटक्के मॅडम आमच्या गाइड. नसीम, इथलीच, शहरातली. तिचा विषय पट्टकृमी, म्हणजे बोकडाच्या आतड्यात सापडणारा तो लांबच लांब फितीसारखा जंत. बाळू गडदे मेंढपाळाच्या घरातला, त्यामुळं त्याच्याकडं मेंढ्यांचे जंत. आणि मी सविता खरात, शेंद्र्याजवळच्या खेड्यातली. माझा विषय उवा.

हसा. सवय आहे.

*

एम.एस्सी.चा पहिला तास. मॅडमनी फळ्यावर वाघ काढला. वाघ कसला, मांजरच ते, वर पट्टे ओढलेले.

"ह्याला वाचवावं असं कुणाकुणाला वाटतं?"

सगळ्यांचे हात वर.

मग मॅडमनी वाघाच्या पोटात खडूनं एक वाकडीतिकडी रेघ मारली. "आणि ह्याला?"

एक हात नाही! मागच्या बाकावरून फक्त "ईऽऽ" आलं.

मॅडमनी खडू खाली ठेवला. "वाघ हा यजमान. यजमान म्हणजे ज्याच्या अंगात परजीवी राहतो तो. ह्या वाघाचे पूर्वज वाघ झाले नव्हते, तेव्हापासून ह्या रेघेचे पूर्वज त्यांच्या पोटात आहेत. यजमानाच्या शरीरानं ह्याला हाकलायची एक युक्ती काढली, की ह्यानं टिकायची दुसरी काढली. घरवाल्यानं कुलूप बदललं, की चोरानं किल्ली बदलली. लाखो वर्षं हेच चाललंय. आज वाघ जसा आहे, तसा तो होण्यात ह्या रेघेचाही हात आहे."

पुढच्या बाकावरच्या एकीनं विचारलं, "पण मॅडम, उद्या वाघच संपले तर?"

"तर फक्त वाघातच राहणारे जंतही संपले. वाघासाठी मोर्चे निघतील, मेणबत्त्या लागतील. ह्याच्या शोकसभेला कोण येणार?"

मॅडमनी हातावरचा खडू झटकला.

"आपण! उद्यापासून अ‍ॅप्रन आणा."

*

आता तो रिक्षावाल्याचा.

नसीमला संशोधनासाठी बोकडाची आतडी लागायची, ताजी. मटणाच्या दुकानातून ती सकाळी पिशवी भरून घ्यायची, शेअर रिक्षा पकडायची आणि थेट कॉलेज. बुरखा, पाठीवर लॅपटॉपची बॅग, मांडीवर आतड्यांची पिशवी. बाजूला बसणारी बाई हळूहळू सरकत रिक्षाच्या दांड्याला लटकायची.

एकदा रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं. म्हणाला, "बाजी, आज वजडी पकानेवाले क्या?"

नसीम म्हणाली, "वजडी नहीं भैया, पीएचडी पका रई मैं."

तो विचारात पडला. सिग्नल सुटला तरी विचारात. मागून हॉर्न वाजायला लागले तेव्हा म्हणाला, "वो कैसी पकती?"

"धीमी आँच पे! पाँच-छे साल. बीच में ढक्कन उठाए तो गाइड चिल्लाती."

*

पुढं नसीमनं आणि मी मिळून कॉलेजजवळ, गारखेड्यात खोली शोधायला घेतली. घर कॉलेजपासून लांब पडायचं दोघींनाही. पण ह्या शहरात खोली शोधताना पहिला प्रश्न भाड्याचा नसतो, आडनावाचा असतो!

एका घरी काकू फार छान बोलल्या. पाणी दिलं, पंखा लावला. मग आलंच, "आडनाव काय म्हणालात?"

"खरात."

"खरात म्हणजे..."

"व्हय काकू, बौद्ध." मी सरळ सांगते. समोरच्याला अंदाज बांधायचे कष्ट कशाला?

"आणि ही?"

"नसीम."

काकूंनी पंखा एकवर आणला. "तसं आमचं काही नाही हो. पण मिस्टरांना विचारून सांगते. आणि आमच्या घरात मटण आणलेलं चालत नाही."

नसीम म्हणाली, "मटण नाही आणणार काकू. आमचं काम फक्त आतड्यांशी असतं."

झालं! मी चप्पल शोधायला लागले. तेवढ्यात आतून काकूंचा नातू आला, पाचेक वर्षांचा, चड्डीत मागं हात घालून कराकरा खाजवत. काकू ओरडल्या, "हात काढ! रात्रभर हेच चालतं हो ह्याचं. झोपत नाही, झोपू देत नाही."

मी उंबऱ्यातच थांबले. "काकू, हे बारीक पांढऱ्या जंतांचं काम आहे. मादी रात्री बाहेर येऊन अंडी घालते, म्हणून रात्री खाज. पोरगं खाजवतं, अंडी नखात जातात, नखं तोंडात जातात, की जंत पुन्हा पोटात. त्याला पाय नाहीत, पंख नाहीत. माणसाच्या हाताचाच त्यानं रस्ता करून घेतलाय. पोराला ओरडू नका, त्याची चूक नाही. डॉक्टरकडं न्या, औषध साधं असतं. पण घरातल्या सगळ्यांना घ्यावं लागंल. नखं कापा, चादरी गरम पाण्यातून काढा."

काकूंनी नातवाचा हात धरून बाहेर ओढला. "सगळ्यांना? मिस्टरांना पण?"

"त्यांना आधी!"

आम्ही निम्मा जिना उतरलो असू. वरून काकूंची हाक आली, "अगं पोरींनो, पुन्हा झालं तर कुणाला विचारायचं?"

नसीम खालूनच म्हणाली, "आम्हालाच विचारा ना. पण त्यासाठी आम्ही जवळपास कुठंतरी राहायला हवं!"

आज आम्ही तिथंच राहतो. मिस्टर जिन्यात भेटले की दोन्ही हातांची नखं दाखवतात.

*

महिला दिनाला कॉलेजात एक साहेब पाहुणे आले होते. फेटा बांधला, नारळ दिला. साहेब रंगात आले. म्हणाले, "माझ्या मुलींनो, कोकिळेसारख्या व्हा! गोड गा, गोड बोला, आपलं घरटं जपा, पिल्लांवर माया करा!"

जंतखान्यातल्या आम्हा तिघांनी एकदम मॅडमकडं पाहिलं. आभार मानायचं काम त्यांच्याकडं होतं. मॅडमच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही.

त्या माइकसमोर गेल्या. "साहेबांनी आज फार क्रांतिकारक विचार मांडला. मुलींनो, नीट ऐका. ते गोड गातो तो कोकीळ, नर. कोकिळा गात बसत नाही. ती घरटं बांधतच नाही! कोकीळ कावळ्याला खिजवून लांब नेतो, तेवढ्यात ही आत शिरून अंडं टाकते. अंड्याचा तोंडवळाही कावळ्याच्या अंड्यासारखा, कारण ज्यांचा तसा नव्हता ती अंडी पिढ्यानपिढ्या कावळ्यांनी टिकू दिली नाहीत. कावळ्याची नजर जितकी तयार होत गेली, तितकं हिचं अंडंही बेमालूम होत गेलं. पिल्लू कावळा वाढवतो. ही आपल्या उद्योगाला मोकळी!"

मुली खुदखुदायला लागल्या.

"तेव्हा साहेबांची आज्ञा पाळा. घरटं, अंडी, पिल्लं कावळ्यांवर सोपवा आणि करिअरला लागा! धन्यवाद!"

टाळ्या सगळ्यांत आधी साहेबांनीच वाजवल्या.

नंतर प्राचार्यांनी मॅडमना केबिनमध्ये बोलावलं. "असं बोलायची काय गरज होती?"

मॅडम म्हणाल्या, "सर, मी फक्त आभार मानले."

*

बाळूचं घर म्हणजे मेंढरांचा कळप आणि कळपामागं चालणारी माणसं. मेंढीच्या पोटात एक जंत असतो, तांबडा-पांढरा पीळ दिलेल्या सुतळीसारखा. तो रक्त पितो. पावसाळ्यात मेंढी आतून पांढरी पडते आणि एक दिवस उभ्या उभ्या खाली बसते. म्हणून बाळूचे चुलते, तात्या, पावसाळा लागला की सगळ्या कळपाला एकसारखं औषध पाजायचे. दरवर्षी तेच औषध. आणि दरवर्षी मेंढ्या बसायच्याच.

बाळूनं घरी सांगितलं, "तात्या, औषधानं सगळे जंत मरत नाय. ज्यांना औषध बाधत नाय ते चार उरतात. मग पुढची पैदास त्या चौघांचीच. असं करत करत आपण औषधाला न जुमानणारे जंत पाळलेत! ह्या वर्षी सगळ्यांना पाजायचं नाय. ज्या पांढऱ्या पडल्या त्यांनाच, डॉक्टरनं बदलून दिलेलं. बाकीच्या धडधाकट हायेत, त्यांच्या अंगातले साधे जंत राहू द्यायचे, म्हंजी पैदास त्यांचीबी होईल अन् औषध चालत राहील."

"राहू द्यायचे?" तात्या उसळले. "शिकून शिकून जंताच्या बाजूनं बोलाय लागला व्हय रे तू?"

घरात दोन दिवस चूल पेटली पण बोलणं पेटलं नाही. शेवटी बाळूची आई म्हणाली, "माझ्या माहेरच्या मेंढ्या माझ्या हायेत. त्यांच्यावर कर काय करायचं ते. मेल्या तर माझ्या मेल्या."

मग बाळूचा उद्योग सुरू झाला. मेंढीचं डोकं काखेत धरायचं, अंगठ्यानं खालची पापणी ओढायची. आत लालबुंद असली तर सोडून द्यायची, फिकी असली तर औषध. सगळी वाडी बघायला जमायची. बाळू आठवडाआड गावी जायचा आणि मेंढ्यांच्या डोळ्यात बघत बसायचा.

त्या पावसाळ्यात एक म्हातारी मेंढी गेली. बाळू दोन दिवस प्रयोगशाळेत आला नाही. आला तेव्हा मॅडमनी विचारलं, "बाकीच्या?" तो म्हणाला, "उभ्या हायेत." मॅडम म्हणाल्या, "मग तूही उभा राहा." दिवाळीत तात्यांनी आपल्या मेंढ्याही बाळूच्या पुढं आणून सोडल्या.

पण किस्सा हा नाहीच. किस्सा पुढं आहे.

बाळूला मुलगी बघायला गेले. माणसं बसली, कांदेपोहे झाले, मुलगी चहा घेऊन आली. बाळू एकटक चटईकडं! मुलीनं कप पुढं केला तरी चटईकडं! तात्यांना राहवेना. भर बैठकीत म्हणाले, "काय म्हणावं ह्याला! रोज उठून मेंढ्यांच्या डोळ्यात घुसून बघतंय, अन् इथं मान वर नाय!"

मुलीनं कशाला म्हणून विचारलं. तात्यांनी सगळं सांगितलं, पापणी, लाल, फिकी, औषध.

मुलीनं ट्रे खाली ठेवला. बाळूच्या समोर वाकली, आपल्या डोळ्याखालची पापणी बोटानं ओढली आणि म्हणाली,

"बघा. लाल हाय. औषध नगं."

ती सुनीता. आमची वहिनी!

*

हा माझा.

मी लहान असताना आमच्या शाळेत बाई आमच्या वस्तीतल्या पोरींना तरटाच्या वेगळ्या पट्टीवर बसवायच्या, खिडकीजवळ. कारण विचारलं की उत्तर एकच, "तुमच्या डोक्यात उवा असतात." आई रोज संध्याकाळी मला पायात धरून फणीनं डोकं ओरबाडायची. डोकं सोललं जायचं, पट्टी काही हलायची नाही. आई म्हणायची, "उवा निघतील गं बाई. त्यांच्या डोक्यातलं कसं काढू?"

त्याच शाळेनं मला विज्ञान दिनाला बोलावलं. बाई नव्या, वर्ग नवा, फरशी बसलेली. आणि खिडकीजवळ चार पोरी वेगळ्या बसलेल्या! मी काही विचारायच्या आधीच बाई हसून म्हणाल्या, "ह्यांच्यात उवा आहेत ना, म्हणून. तुमचाच विषय!"

मी भांडणारच होते. पण मी औरंगपुऱ्यातून बारीक दातांच्या नव्या फण्या विकत आणल्या होत्या, सूक्ष्मदर्शक आणला होता, लॅपटॉप आणला होता. म्हटलं, भांडायला एवढं सामान पुरे आहे.

"आज आपण खरी ऊ बघू या," मी म्हणाले. "सगळ्यांच्या डोक्यावरून फणी फिरवायची. ज्यांना नको त्यांनी हात वर करा."

कुणीच हात वर केला नाही. पोरींना मजा वाटत होती. मी प्रत्येकीला वेगळी फणी आणि पांढरा कागद दिला. पुढच्या रांगेतल्या, दोन वेण्या आणि लाल रिबिनीवाल्या पोरीच्या कागदावर पहिली ऊ पडली. खिडकीजवळच्या एकीच्या कागदावर दुसरी. मग एक पोरगी ओरडली, "आता बाईंची!" बाईंना नाही म्हणता येईना. अंबाडा सुटला. तिसरी ऊ बाईंची!

तिन्ही उवा मी काचेवर ठेवल्या आणि पडद्यावर मोठ्या करून दाखवल्या. अख्खा वर्ग पडद्याजवळ. खिडकीजवळच्या चौघीही उठून आल्या, त्यांना कुणी अडवलं नाही.

"हा पंजा बघा. आकड्यासारखा आहे ना? माणसाच्या केसावर बरोब्बर बसतो. म्हशीच्या अंगावर सोडा, ही तिथं जगायची नाही. म्हशीची ऊ वेगळी, माकडाची वेगळी. आपले पूर्वज माणूस होत गेले, तशी त्यांच्या डोक्यातली ऊ माणसाची होत गेली. ज्यांची पकड आपल्या केसांवरून सुटली त्या उरल्या नाहीत, असं पिढ्यानपिढ्या होत हा पंजा घडलाय. आता सांगा, ह्यातली ऊ कुणाची कुठली?"

पोरींनी डोकी लावली. कुणी म्हणे ही जाडी, ही काळी. एकीलाही सांगता येईना. बाईंनाही नाही.

"कसं येणार?" मी म्हणाले. "हिला एवढंच कळतं की समोर माणसाचं डोकं आहे. बाकी तुमचं काहीच तिला कळत नाही."

खिडकीजवळच्या चौघींतली एक, दात पडलेली, बाईंकडं वळून बघत मला म्हणाली,

"मॅडम, म्हंजी उवेला कळतं, ते बाईला कळंना व्हय?"

बाईंनी केस बांधायला घेतले होते. ते तसेच राहिले. त्या उठल्या, खिडकीजवळची पट्टी स्वतः उचलली आणि मधोमध आणून अंथरली.

माझ्या आईला हे फोनवर सांगितलं. तिनं सगळं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "फण्या धुतल्यास ना गं?"

*

आणि हा शेवटचा.

आमच्याकडची पीएचडीची पोरं फेलोशिप चालू करा म्हणून मंडप टाकून धरणं धरून बसली होती. बाळू त्यांच्यात होता. सकाळी आमच्याच कॉलेजात तासाच्या पैशावर शिकवायचा आणि दुपारी मंडपात जाऊन बसायचा. त्याच सुमाराला कायमच्या जागेची मुलाखत लागली होती. घरी सुनीता आणि तान्ही मुलगी. मुलाखत घेणार आमच्या संस्थेचे अध्यक्ष, त्यांनाही सगळे साहेबच म्हणतात. म्हणजे बाळूनं महिनाभर फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

संस्थेचा बक्षीस समारंभ होता. सभागृह भरलेलं. साहेब बोलायला उभे राहिले. शिस्त झाली, संस्कार झाले, मग गाडी मंडपावर आली. साहेब म्हणाले, "फुकटच्या पैशावर शिकायचं आणि वर रस्त्यावर बसायचं! ही पोरं म्हणजे समाजाच्या झाडावरची बांडगुळं आहेत, बांडगुळं! झाड वाळतं, ही हिरवीगार!"

पुढच्या रांगा हसल्या. काहींनी टाळ्या वाजवल्या.

माझ्या शेजारची खुर्ची करकरली. बाळू उभा राहिला होता. मी त्याची बाही ओढली. नसीम पुटपुटली, "बाळू, नक्को रे, बैठ." त्यानं बाही सोडवून घेतली.

"साहेब, एक बोलू का?"

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. नाही म्हणायच्या आत बाळूनं सुरुवात केली होती.

"साहेब, परजीवी हाच माझा अभ्यासाचा विषय हाय. जो मुरलेला परजीवी असतो ना, तो आवाज करत नाय. आपण आत हाव, हे यजमानाला कळूच देत नाय. त्याच्यासारखाच रंग घेतो, त्याच्याच ताटात जेवतो, अन् वर असं करून ठेवतो की यजमानाला वाटावं, आपलं सगळं बरं चाललंय."

बाळूनं मंडपाच्या दिशेला हात केला.

"आम्ही तर भर रस्त्यात बसून बोंबलतोय. मग आम्ही परजीवी कसं? आत कुणी घुसून बसलं की अंगात जो चढतो, तो आम्ही. आम्ही बांडगूळ नाय, साहेब. आम्ही ताप हाव!"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग मागच्या रांगेतल्या आमच्या विभागाकडं वळून अगदी शांतपणे विचारलं,

"हा एकटाच आहे का असा तुमच्याकडं?"

सोनटक्के मॅडम उठल्या. पदर नीट केला.

"नाही साहेब," त्या म्हणाल्या. "साथ आहे."